मनोविकाराच्या गोळ्या सुरू असताना दात कसे सांभाळायचे

नैराश्य, चिंता, बायपोलर किंवा स्किझोफ्रेनियासाठी वर्ष-दोन वर्षं गोळ्या सुरू असतील, तर दातांना लागणारी कीड जरा वेगळ्या जागी दिसते. एरवी कीड दाढेच्या खाचेत किंवा दोन दातांच्या फटीत धरते. इथे ती हिरडीच्या कडेला, दाताच्या गळ्याशी तपकिरी पट्ट्यासारखी येते आणि खालचे पुढचे दातही सुटत नाहीत. हे खालचे पटाशीचे दात सहसा किडत नाहीत, कारण जिभेखालच्या ग्रंथींची लाळ सतत त्यांच्यावरून वाहत असते. तेच किडायला लागले तर लाळ आटली आहे असं समजा.

घरात या किडीला 'दात घासायचा कंटाळा' असं नाव पडतं. कंटाळा असतोच, जिथे अंघोळ चार-चार दिवस होत नाही तिथे ब्रश कुठून होणार? पण नेमाने दात घासणाऱ्याचेही दात या गोळ्यांवर किडतात. निरोगी माणसाला दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. ती खाल्लेलं धुऊन नेते, आम्ल मारते आणि दाताला कॅल्शियम परत देते. तोंडातला पीएच (आम्लपणा मोजायचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साडेपाचच्या खाली गेला की दाताचं वरचं कवच विरघळू लागतं. लाळ भरपूर असेल तर तो थोड्या वेळात सावरतो, नसेल तर बराच वेळ खालीच राहतो. तेवढ्यात पुढचा चहा येतो.

तोंड कोरडं पडतं म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका, अर्धीही करू नका. किडलेल्या दाताला कॅप बसते. गोळी अचानक सोडून उलटलेला आजार आवरायला महिने जातात.

तोंड किती कोरडं आहे ते घरीच पाहा

कोरडी पोळी किंवा साधं बिस्किट पाण्याशिवाय घशाखाली उतरतच नाही का? रात्री पाण्यासाठी उठावं लागतं का? स्वच्छ बोट गालाच्या आतून फिरवलं तर ते चिकटतं का? जीभ वर उचलल्यावर खाली लाळेचं तळं दिसतं की नुसता चिकट फेस? यातल्या दोन गोष्टी जरी जुळल्या तरी तोंड कोरडं धरून पुढचं सगळं करा. कवळी वारंवार सुटणं, तिखट अजिबात सहन न होणं, ओठांचे कोपरे चिरणं याही त्याच्याच खुणा.

सगळ्यात जास्त कोरडेपणा आणणाऱ्यांत अमिट्रिप्टिलीन, इमिप्रामीन, डोथायपिन या जुन्या नैराश्याच्या गोळ्या येतात. क्लोरप्रोमाझिन, ओलान्झापिन आणि क्वेटियापिन यांनीही तोंड सुकतं. आणि एक गोळी लोकांच्या लक्षातच येत नाही, ती ट्रायहेक्सिफेनिडिल. हातापायांचा ताठरपणा किंवा थरथर कमी करायला ती मुख्य गोळीच्या जोडीला दिली जाते आणि मग पिढीजात नोकरासारखी चिठ्ठीत राहून जाते. पुढच्या भेटीत 'ही अजून लागते का?' असं विचारायला हरकत नाही. कित्येकदा डॉक्टर ती हळूहळू कमी करतात आणि तोंडाला पुन्हा पाणी सुटतं. क्लोझापिनचं उलटं असतं, झोपेत उशी भिजेपर्यंत लाळ गळते. पण ही लाळ गिळली न गेल्याने साचते, त्यामुळे दात सुरक्षित आहेत असं मानू नका.

तोंड ओलं कसं ठेवायचं

बाटली जवळ ठेवा आणि दर १५-२० मिनिटांनी घोटभर पाणी तोंडात फिरवून गिळा. एकदम तांब्याभर पिऊन उपयोग नाही, ते लघवीवाटे जातं आणि तोंड पुन्हा कोरडं. बायपोलरसाठी लिथियम चालू असेल तर पाणी आणि मीठ दोन्ही रोजच्या प्रमाणात ठेवा. उपवास करून पाणी कमी केलं, मीठ एकदम तोडलं किंवा जुलाब लागले, तर लिथियमचं रक्तातलं प्रमाण चढतं.

कोरड्या तोंडाला माणूस आपोआप गोड उपाय शोधतो: लिमलेटची गोळी, बडीशेपेच्या रंगीत गोळ्या, आवळा कँडी, दिवसातून सहा वेळा गोड चहा. दात मुख्यतः इथेच जातात. साखर किती खाल्ली यापेक्षा दिवसातून किती वेळा तोंडात गेली याचा दाताला जास्त फरक पडतो. म्हणून चहा पूर्ण तोडण्याचा हट्ट धरू नका, तो टिकत नाही. सकाळी आणि दुपारी जेवणाच्या वेळेला लागून दोन गोड चहा, बाकीचे बिनसाखरेचे. गोळीच चघळायची असेल तर झायलिटॉलचं च्युइंगगम आणा. जेवणानंतर ते १० मिनिटं चघळलं की उरलेली लाळ सुटते. घरात कुत्रा असेल तर पाकीट त्याच्या तोंडी लागेल असं ठेवू नका, झायलिटॉल कुत्र्याला विषारी असतं. मेडिकलमध्ये कृत्रिम लाळेचा स्प्रे मिळतो. तो झोपण्याआधी आणि जेवणाआधी मारायचा. अल्कोहोल असलेलं माउथवॉश मात्र टाळा. तोंड ताजं वाटतं पण आणखी सुकतं.

पेस्ट, ब्रश आणि चूळ

इथे ब्रँडपेक्षा फ्लोराइड आहे की नाही हे महत्त्वाचं. ट्यूबच्या मागे बारीक अक्षरांत सोडियम फ्लोराइड किंवा सोडियम मोनोफ्लुओरोफॉस्फेट हे शब्द शोधा. आपल्याकडे मोठ्यांच्या पेस्टमध्ये साधारण १००० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत हजार भाग) फ्लोराइड असतं. लवंग, मीठ, कोळसा, कडुनिंब अशा नावांच्या अनेक पेस्टमध्ये ते नसतंच. सुकलेल्या तोंडात अशी पेस्ट वापरणं म्हणजे फक्त वास बदलणं. लाल दंतमंजन खरखरीत असतं आणि उघड्या पडलेल्या मुळाला ओरखडतं, ते बाजूला ठेवा.

वाटाण्याएवढी पेस्ट, मऊ ब्रश, २ मिनिटं. ब्रश हिरडीच्या कडेला तिरका टेकवून छोट्या गोल हालचाली करा, कारण या माणसांची कीड तिथेच येते. मग फेस थुंका आणि थांबा. चूळ भरायची नाही. आपल्याकडे खळखळून चार चुळा आणि जीभ खरवडताना दोन ओकाऱ्या काढल्याशिवाय दात घासल्यासारखं वाटत नाही, म्हणून हे जड जातं. पण पाण्याबरोबर फ्लोराइड निघून जातं. फारच चव राहिली तर अर्धा घोट पाणी घेऊन फेसासकट थुंका. जीभ घासायची असेल तर ब्रशच्या आधी घासा.

दोनपैकी एकच वेळ जमत असेल तर रात्रीची धरा. झोपेत लाळ जवळजवळ थांबते, आणि बहुतेक कोरडेपणा आणणाऱ्या गोळ्या रात्रीच घेतल्या जातात. गोळीने तासाभरात झोप येते, म्हणून क्रम असा: जेवण, गोळी, लगेच ब्रश, मग टीव्ही. 'झोपताना घासतो' म्हटलं की ते राहतंच. ब्रशनंतर पाण्याशिवाय काही नाही, दूधही नाही.

दंतवैद्याकडून ५ टक्के सोडियम फ्लोराइडचं व्हार्निश दर ३ ते ६ महिन्यांनी लावून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे, दुखत नाही. खुर्चीत बसणंच जमत नसेल तर छोट्या किडीवर ३८ टक्के सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड लावता येतं. ड्रिल नाही, इंजेक्शन नाही, कीड बऱ्याचदा थांबते. किडलेली जागा मात्र कायमची काळी होते. पुढच्या दाताला लावण्याआधी हे त्या माणसाला दाखवून, विचारून घ्या. आरशात अचानक काळा दात दिसला तर त्याचा मनावर काय परिणाम होईल ते सांगता येत नाही.

अंथरुणातून उठवत नाही त्या दिवसांसाठी

उशाजवळ एका डब्यात ब्रश, छोटी पेस्ट, रुमाल आणि रिकामा ग्लास ठेवून द्या. पाण्याची गरज नाही. पडल्यापडल्या कूस वळवून कोरड्या ब्रशवर पेस्ट घ्यायची, जमेल तितके दात घासायचे, ग्लासात थुंकायचं. ३० सेकंद झाले तरी चालतील. तेही नको असेल तर बोटावर पेस्ट घेऊन हिरडीच्या कडेने फिरवा. तेही जमलं नाही तर जेवणानंतर पाण्याचा घोट फिरवून गिळा. या तीन पायऱ्यांपैकी त्या दिवशी जी झाली ती पुरेशी.

घरच्यांनी बोलताना 'दात घासलेस का?' हा चौकशीचा सूर टाळावा. ब्रशला पेस्ट लावून हातात देणं, किंवा स्वतःही त्याच वेळी शेजारी बसून घासणं जास्त चालतं. वृद्ध माणसाचे दात तुम्हीच घासून देणार असाल तर समोरून नका घासू. खुर्चीवर बसवून मागे उभे राहा, डोकं तुमच्या पोटाला टेकू द्या, एका हाताने ओठ बाजूला धरा. कवळी रात्री काढून पाण्यात ठेवा. कोरड्या तोंडात चोवीस तास कवळी राहिली की टाळूवर लाल बुरशी धरते.

मशेरी, तंबाखू, बिडी

मशेरीने दात 'साफ' होतात ही समजूत कोकणापासून देशावरपर्यंत आहे, आणि दाढ दुखली की मशेरी दाबून धरायचीही पद्धत आहे. तिने तात्पुरतं बधिर वाटतं, हिरडी मात्र मागे सरते आणि मूळ उघडं पडतं. अस्वस्थ मनाला निकोटिनने क्षणभर बरं वाटतं, म्हणून नुसतं रागावून ती सुटत नाही. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११-२३५६ वर फोन करता येतो.

बिडी-सिगारेट सोडताना एक गोष्ट मानसोपचारतज्ज्ञांना आधी सांगाच. धुरातल्या रसायनांमुळे क्लोझापिन आणि ओलान्झापिन शरीरातून लवकर बाहेर पडतात. धूर बंद झाला की त्याच डोसचं रक्तातलं प्रमाण चढतं; गुंगी, लाळ, क्वचित झटकेही येतात. डोस उतरवावा लागू शकतो. मशेरी किंवा चघळायच्या तंबाखूने असं होत नाही, कारण त्यात धूर नाही.

झोपेत दात खाणं, आणि उलट्या

फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्रॅम, व्हेनलाफॅक्सिन यांसारख्या गोळ्या सुरू झाल्यावर काही आठवड्यांत काहीजण झोपेत दात खाऊ लागतात. सकाळी जबडा अवघडलेला, कानशिलं दुखतात, दातांच्या टोकांना सपाटी येते, गालाच्या आत दातांच्या ओळीची पांढरी रेघ उमटते. आवाज शेजारी झोपणाऱ्यालाच ऐकू येतो, म्हणून त्याला विचारा. गोळी केव्हा सुरू झाली आणि दात खाणं केव्हा सुरू झालं, या दोन तारखा मानसोपचारतज्ज्ञांना सांगा. डोस किंवा गोळी बदलून हे बऱ्याचदा थांबतं. दंतवैद्य मापाचा नाइट गार्ड करून देतात. गरम पाण्यात मऊ करून चावायचे तयार रबरी गार्ड ऑनलाइन मिळतात, ते कित्येकांना चघळायला आणखी एक गोष्ट देतात.

खाण्याच्या विकारात मुद्दाम उलट्या होत असतील तर वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू गुळगुळीत, पातळ होत जाते. बाहेरून काहीच दिसत नाही. उलटीनंतर लगेच ब्रश करू नका, आम्लाने मऊ झालेलं कवच ब्रशने निघतं. पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून चुळा भरा, आणि अर्धा-पाऊण तासाने ब्रश करा. दंतवैद्याला ही झीज दिसली तर तो विचारेल. आईवडिलांसमोर उत्तर देणं मुलीला जड जाणार असेल तर घरच्यांनी पाच मिनिटं बाहेर बसावं.

दंतवैद्याकडे जाण्याआधी

एका कागदावर सगळ्या गोळ्या, त्यांचे मिलिग्रॅम आणि वेळा लिहा. पट्ट्यांचे फोटोही काढा. 'टेन्शनची गोळी' एवढंच सांगून चालत नाही. पुष्कळ लोक लाजेने हे लपवतात, आणि खरी गफलत होते ती दात काढल्यावर मिळणाऱ्या पाच दिवसांच्या चिठ्ठीत.

लिथियम चालू असेल तर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, केटोरोलॅक या वेदनाशामकांनी त्याचं प्रमाण धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. मेट्रोनिडाझोल या जंतुसंसर्गाच्या गोळीनेही ते चढू शकतं. हात जोरात थरथरणं, तोल जाणं, उलट्या-जुलाब, बोबडं बोलणं ही त्याची लक्षणं. ती दिसली तर थेट रुग्णालय. सर्ट्रालिनच्या गटातल्या गोळ्यांबरोबर हीच वेदनाशामकं रक्तस्राव वाढवतात, आणि ट्रामाडॉल या तीव्र वेदनाशामकाने ताप, थरथर, गोंधळ असा गंभीर प्रकार होऊ शकतो. कार्बामाझेपिनबरोबर एरिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविकं नकोत. दारू सोडण्यासाठी डायसल्फिराम घेणाऱ्याला मेट्रोनिडाझोल दिलं तर भ्रम, गोंधळ होऊ शकतो, आणि अल्कोहोलवालं माउथवॉशही त्याला चालत नाही. हिरडीच्या जंतुसंसर्गाला मेट्रोनिडाझोल ही अगदी नेहमीची गोळी असल्याने हे आवर्जून सांगा. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्याचे दात काढण्याआधी प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) तपासून घ्याव्यात. अमिट्रिप्टिलीन किंवा प्रोप्रानोलॉल चालू असेल तर भुलीच्या इंजेक्शनमधलं अॅड्रिनलिन दंतवैद्य बेताने वापरतात. भूल मात्र मिळते.

दुखण्यावर घरी देण्याजोगी त्यातल्या त्यात निर्धोक गोळी पॅरासिटामॉल: मोठ्या माणसाला ५०० ते १००० मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान ६ तास, दिवसात ३ ग्रॅमच्या आत. रोज दारू असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर आधी विचारा. लवंगेचं तेल कापसाला थेंबभर लावून फक्त दाताच्या खड्ड्यात. हिरडीला लागलं तर भाजतं.

वेळ सकाळची पहिली मागा, वेटिंगमध्ये तासभर बसणंच पुष्कळांना मोडतं. सकाळच्या नेहमीच्या गोळ्या आणि नाश्ता चुकवू नका. पहिली भेट फक्त बघण्याची, हे फोनवरच ठरवा. डावा हात वर केला की डॉक्टर थांबतील, हा इशारा सुरुवातीलाच पक्का करा आणि एकदा उगाच वर करून डॉक्टर खरंच थांबतात का ते पाहू द्या. भीतीवर याहून चांगला उपाय क्वचितच सापडतो. ड्रिलचा आवाज नको असेल तर कानात गाणी लावा. खुर्ची पूर्ण आडवी केल्यावर काहींचा श्वास कोंडतो किंवा जुनी मारहाण आठवते. अर्धी कललेली खुर्चीही चालते. काम झाल्यावर ताडकन उठायचं नाही, २-३ मिनिटं बसून राहायचं. कित्येक मनोविकाराच्या गोळ्यांनी उठताना रक्तदाब पडतो आणि माणूस दवाखान्याच्या दारातच कोसळतो.

मोठे निर्णय आजार शांत असताना घ्या. उन्मादाच्या भरात कुणी लाखभराच्या स्माइल डिझाइनला होकार देतं, नैराश्याच्या तळाशी कुणी 'सगळेच काढून टाका' म्हणतं. दुखणं आणि पू आत्ता, स्केलिंग आणि फिलिंग पुढच्या भेटीत, कॅप-ब्रिज-इम्प्लांट दोन-तीन महिन्यांनी, असा क्रम बरा. गोळ्यांमुळे जीभ-ओठांची नकळत हालचाल होत असेल तर कवळी बसत नाही. कवळीच्या मापाआधी ते दाखवा.

खरंच दुखतंय की भास?

'दाढेत यंत्र बसवलंय, ते बोलतं' असं कुणी म्हणत असेल तर त्या दाढेचा एक्स-रे काढाच. त्या वाक्यामागे कित्येकदा खरी ठणकणारी दाढ असते, सांगायचे शब्द मात्र आजाराचे असतात. वाद घालू नका, हो-ला हो पण नको. 'तिथे त्रास होतोय हे कळलं, दाखवून येऊ' एवढं पुरे. जो माणूस सांगत नाही त्याच्या खुणा बघा: एकाच बाजूने चावणं, गार पाणी टाळणं, गाल धरणं, आवडीचा घास बाजूला सारणं, रात्री अचानक चिडचिड.

उलट प्रकारही होतो. एक्स-रे स्वच्छ, दात ठोकून दुखत नाही, तरी महिनोन्महिने जळजळ किंवा ठणका. तिथे दुसऱ्यांदा रूट कॅनाल किंवा दात काढण्याआधी दुसऱ्या दंतवैद्याचं मत घ्या. जीभ जळत असेल तर बी-१२, लोह आणि साखर तपासा, बुरशी बघा. सगळं ठीक निघालं तर चिंता आणि नैराश्याशी जोडलेलं दुखणं म्हणून त्यावर मानसोपचारतज्ज्ञांकडे औषध आहे.

क्लोझापिनवर असताना ताप आणि तोंड येणं एकदम झालं तर त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजा. लॅमोट्रिजिन किंवा कार्बामाझेपिनवर तोंडात फोड आणि अंगावर पुरळ उठलं तर तासाभराचाही उशीर न करता रुग्णालय गाठा. दाढेची सूज जबड्याखाली, गळ्याकडे उतरली, तोंड उघडेना, गिळवेना किंवा श्वास लागला, तर दंतवैद्याची अपॉइंटमेंट नको, इमर्जन्सीच.

कुठे जायचं

खर्चाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, तसंच मुंबईचं नायर दंत रुग्णालय इथे काम कमी पैशांत होतं. वेळ मात्र जास्त जातो, म्हणून सोबत माणूस आणि डबा हवा. गोव्यात बांबोळीला दंत महाविद्यालय आणि मानसोपचार संस्था एकमेकांच्या जवळ आहेत. एकाच फेरीत दोन्ही चिठ्ठ्या एकमेकांच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. मनाचा त्रास वाढलाय आणि नेहमीचे डॉक्टर मिळत नाहीत, अशा वेळी १४४१६ या टेलि-मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) क्रमांकावर चोवीस तास मोफत आणि मराठीत बोलता येतं. फोन करताना गोळ्यांचा तोच कागद समोर ठेवा, आणि दात काढून आला असाल तर कालपासून कोणत्या नवीन गोळ्या सुरू झाल्या ते आधी सांगा.